उत्प्रेरक नेमकं काय करतो, आणि ते कळलं कसं

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "पुस्तक म्हणतं, उत्प्रेरक (अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) स्वतः अभिक्रियेत भाग घेत नाही, फक्त सक्रियण ऊर्जा (अभिक्रियेला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा) कमी करतो. भागच घेत नाही तर ऊर्जा कमी कशी होते? आणि मेकॅनिझमच्या, म्हणजे अभिक्रिया आतून कशी घडते त्याच्या, पायऱ्या फळ्यावर ओळीने लिहून देतात, त्या कुणी पाहिल्या आहेत की अंदाजाने मांडल्या आहेत?"

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. पुस्तकातलं ते वाक्य चुकीचं आहे, डोक्यातून काढून टाका. उत्प्रेरक पुरेपूर भाग घेतो. अभिकारकांशी तो खरेखुरे रासायनिक बंध तयार करतो, पुढच्या पायऱ्यांत ते सुटतात आणि फेरी संपते तेव्हा तो पुन्हा मूळ रूपात असतो. म्हणून शेवटच्या समीकरणात त्याचं नाव दिसत नाही, एवढंच. 'सक्रियण ऊर्जा कमी करतो' हेही अर्धवट आहे. जुन्या वाटेवरचा अडथळा होता तेवढाच राहतो. उत्प्रेरकामुळे वेगळी वाट उपलब्ध होते. तिच्यात पायऱ्या जास्त असतात, पण एकही पायरी अशक्य नसते. समतोल मात्र जिथल्या तिथे राहतो, कारण वेग दोन्ही दिशांनी वाढतो. जे लोखंड अमोनिया बनवतं तेच लोखंड, दाब उतरवला आणि तापमान चढवलं की, अमोनिया फोडतं.

दुसरा प्रश्न खरा मोलाचा आहे आणि त्याचं उत्तर हवेत देता येत नाही. एक उत्प्रेरक घेऊन त्याच्याबद्दल काय, कसं आणि कुठल्या प्रयोगाने कळलं हे बघावं लागतं. मी नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनवणारं लोखंड घेतो. माझी नोकरीची सगळी वर्षं आधी प्रयोगशाळेत आणि मग कन्व्हर्टरच्या, म्हणजे कारखान्यात अमोनिया बनतो त्या पात्राच्या, आसपास याच लोखंडासोबत गेली. शिवाय जगात कुठल्याही उत्प्रेरकाच्या मेकॅनिझमवर इतका दीर्घ आणि इतका कसोशीचा अभ्यास क्वचितच झाला असेल. शेतात पडणाऱ्या युरियाच्या प्रत्येक दाण्यातला नायट्रोजन, मग तो अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातला का असेना, अमोनियाच्या कन्व्हर्टरमधून गेलेला असतो.

अडचण काय होती ते आधी पाहू. नायट्रोजनच्या रेणूतल्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात. ४०० अंश सेल्सिअसला एवढी ऊर्जा एखाद्या रेणूजवळ असण्याची शक्यता आऱ्हेनियसच्या सूत्राने काढून बघा. एकाला, एकावर ७३ शून्यं असलेल्या संख्येने भागल्यावर जे येईल ते. म्हणजे नुसतं तापवून काही होणार नाही. गंमत अशी की ऊष्मागतिकीचा याला विरोध नाहीच. अभिक्रिया उष्णता देणारी आहे, मोल-समीकरणामागे ९२ किलोज्यूल, आणि साध्या तापमानाला समतोल अमोनियाच्याच बाजूला झुकलेला आहे. तरीही नायट्रोजन आणि हायड्रोजन एका बाटलीत वर्षानुवर्षं शेजारी पडून राहतात.

लोखंडाच्या पृष्ठभागावर हे चित्र बदलतं. नायट्रोजनचा रेणू आधी सैलसा चिकटतो, मग अधिक घट्ट बसतो, मग त्याचे दोन अणू सुटे होतात. तिहेरी बंध तुटण्याचा खर्च इथे वसूल होतो, कारण सुटा झालेला प्रत्येक अणू एकाच वेळी अनेक लोहअणूंशी बंध धरतो. हायड्रोजनचा रेणू सहज फुटतो. मग नायट्रोजनच्या अणूला एकेक करत तीन हायड्रोजन जोडले जातात आणि अमोनिया पृष्ठभाग सोडून निघून जातो. फळ्यावर लिहितात त्या पायऱ्या याच. आता, हे कळलं कसं?

उत्प्रेरक आधी सापडला, मेकॅनिझम त्याच्यानंतर अनेक दशकांनी कळला. १९०९ मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला फ्रिट्झ हाबरने ऑस्मियमवर अमोनिया करून दाखवला. ऑस्मियम दुर्मीळ, त्यामुळे बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत आल्विन मिटाश आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पर्याय शोधायला घेतला. साध्या लोखंडाने निराशा केली होती, पण स्वीडनमधल्या गेलिवारे इथल्या मॅग्नेटाइट खनिजाचा एक नमुना अनपेक्षितपणे चांगला निघाला. मिटाशने ओळखलं की करामत त्या खनिजातल्या अशुद्धींची आहे. १९१२ च्या सुरुवातीपर्यंत साधारण २५०० पदार्थांवर ६५०० चाचण्या झाल्या, आणि लोखंड, ॲल्युमिना, पोटॅश, चुना हे मिश्रण पक्कं झालं. १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. आज कन्व्हर्टरमध्ये भरतात तो माल मुळात तोच आहे. पोटॅश नेमकं काय करतो, हे त्या वेळी कुणालाच सांगता आलं नसतं.

१९३० च्या दशकात वॉशिंग्टनला एमेट आणि ब्रुनाउर यांनी साधा पण नेमका प्रश्न विचारला: नुसता नायट्रोजन या लोखंडावर किती वेगाने घट्ट बसतो? उत्तर असं आलं की हा वेग अमोनिया तयार होण्याच्या वेगाच्या जवळपास आहे. म्हणजे सगळ्यात संथ, एकूण वेग ठरवणारी पायरी हीच असणार, हा संशय बळावला. त्यासाठी त्यांना उत्प्रेरकाचं क्षेत्रफळ हवं होतं आणि ते मोजायची खात्रीची पद्धत नव्हती. १९३८ मध्ये एडवर्ड टेलरसोबत मांडलेली, क्षेत्रफळ मोजण्यासाठी आज प्रत्येक प्रयोगशाळेत वापरली जाणारी बीईटी पद्धत याच गरजेतून आली. त्यांनी आणखी एक सुरेख गोष्ट केली. कार्बन मोनॉक्साइड उघड्या लोखंडावर बसतो, कार्बन डायऑक्साइड अल्कलीवर, म्हणजे इथे पोटॅशवर, बसतो. दोन्ही वायू वेगवेगळे मोजून त्यांनी दाखवलं की पोटॅश वजनाने किरकोळ असला तरी पृष्ठभागाचा मोठा हिस्सा व्यापून बसलेला असतो.

१९४० मध्ये टेम्किन आणि पिझेव यांनी 'नायट्रोजन बसणं हीच संथ पायरी' असं धरून वेगाचं समीकरण मांडलं. त्यात अमोनिया स्वतःच्याच निर्मितीला आवर घालतो, कारण पृष्ठभागावर नायट्रोजन किती आहे हे वायूतल्या अमोनिया आणि हायड्रोजनच्या प्रमाणावर ठरतं. कन्व्हर्टरच्या गणितात हे समीकरण सुधारित रूपात अजून वापरतात. पण इथे थांबून एक गोष्ट सांगतो, जी मी प्रत्येक नव्या माणसाला सांगत आलो आहे. समीकरण आकड्यांशी जुळलं म्हणजे मेकॅनिझम सिद्ध झाला, असं होत नाही. दोन पूर्णपणे वेगळ्या मेकॅनिझममधून हुबेहूब सारखं समीकरण निघू शकतं. वेगाच्या मोजणीने एखादा मेकॅनिझम बाद करता येतो, पण दुसऱ्याला शिक्का मारता येत नाही. म्हणून तुमच्या प्रश्नातल्या 'पाहिल्या की अंदाजाने मांडल्या' या दोन पर्यायांच्या मध्ये तिसरा पर्याय आहे: एकेक शक्यता प्रयोगाने मारत जाणं आणि जी मरायला तयार नाही तिच्यावर तात्पुरता विश्वास ठेवणं.

समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, प्रयोग असेच मारेकरी असतात. वस्तुमान २८ चा साधा नायट्रोजन आणि ३० चा जड नायट्रोजन मिसळून लोखंडावरून सोडा. २९ चा रेणू दिसला तर अणू सुटे होऊन पुन्हा जुळले, दुसरा मार्गच नाही. तो दिसतो, आणि अमोनिया जिथे बनतो त्याच तापमानाच्या पट्ट्यात दिसतो. म्हणजे लोखंड नायट्रोजन फोडू शकतं. हायड्रोजनच्या बाजूनेही तपासलं गेलं. हायड्रोजन जोडण्याची पायरी सगळ्यात संथ असती, तर साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) वापरल्यावर वेग घटायला हवा होता. १९६० मध्ये ओझाकी, ह्यू टेलर (बीईटीतला नव्हे) आणि बुदार यांनी मोजलं, तर वेग उलट वाढला होता. एक आरोपी सुटला.

तरी एक पळवाट उरत होती. लोखंड नायट्रोजन फोडत असेलही, पण अमोनिया त्याच वाटेने येतो कशावरून? कदाचित न फुटलेल्या नायट्रोजनच्या रेणूलाच हायड्रोजन एकेक करून जोडले जात असतील आणि बंध सगळ्यात शेवटी तुटत असेल. फुटण्याची क्रिया नुसती बाजूला चालली असेल. ही शक्यता निकालात काढली ती म्युनिकला गेरहार्ड अर्टलने, १९७० च्या दशकात. त्याच्या कामाची पद्धत सांगतो, कारण तुम्हाला शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथे आहे. दाणेदार औद्योगिक उत्प्रेरक बाजूला ठेवून त्याने शुद्ध लोखंडाचा एकच स्फटिक घेतला, ठरलेल्या प्रतलात कापलेला. तो अशा निर्वात कक्षात ठेवला जिथे दाब हवेच्या दाबाच्या दहा लाख कोटीव्या भागाइतका असतो. एवढी निर्वात कशाला? कारण दाब हवेच्या अब्जांशाइतका जरी असला, तरी स्वच्छ पृष्ठभाग एखाद-दोन सेकंदांत नको त्या वायूने झाकला जातो आणि मग तुम्ही लोखंडाऐवजी कचरा मोजत बसता.

आता प्रयोग. त्या स्फटिकावर नायट्रोजन आणि हायड्रोजनचं मिश्रण चढ्या दाबाने सोडायचं, ठरावीक वेळाने वायू झपाट्याने उपसून टाकायचा आणि पृष्ठभागावर नायट्रोजनचे किती अणू उरले ते ऑजे वर्णपटाने, म्हणजे पृष्ठभागावरचे अणू ओळखणाऱ्या तंत्राने, मोजायचं. मग हायड्रोजनचं प्रमाण वाढवून पुन्हा तेच. सुटे अणू नुसते बाजूला पडून असते, तर हायड्रोजन वाढल्याने त्यांच्या संख्येत फरक पडायचं काही कारण नव्हतं. संख्या घटली, आणि हायड्रोजन जितका जास्त तितकी जास्त घटली. म्हणजे हायड्रोजन त्याच अणूंना खाऊन अमोनिया बनवत होता. मला आजही हा प्रयोग विलक्षण वाटतो. कुठलाही अणू प्रत्यक्ष 'चालताना' न बघता त्याने वाट ओळखली. २००७ चं रसायनशास्त्राचं नोबेल अर्टलला मिळालं, तेही त्याच्या वाढदिवशी जाहीर झालं.

बर्कलीला सोमोरजाईने २० वातावरण दाबाखाली लोखंडाच्या तीन प्रतलांवर अमोनियाचा वेग मोजला. धातू एकच, अणू तेच, फक्त कापण्याची दिशा वेगळी. वेगाचं गुणोत्तर आलं ४१८:२५:१. प्रतलांना कापण्याच्या दिशेवरून आकड्यांची नावं देतात; सगळ्यात चपळ प्रतल १११ आणि सगळ्यात मंद ११०, ज्यात अणू दाटीवाटीने बसलेले असतात. १११ मध्ये पृष्ठभागाखालचे काही लोहअणू अर्धवट उघडे पडतात, त्यांना सात शेजारी असतात, आणि नायट्रोजन फुटण्याची खरी जागा ती मानली जाते. 'सक्रिय स्थान' हा शब्द आपण परीक्षेत सहज लिहून टाकतो. त्याचा अर्थ हा.

इथे सक्रियण ऊर्जेचा मुद्दा पुन्हा येतो. अर्टलच्या मोजणीनुसार १११ प्रतलावर नायट्रोजन फुटण्याला नक्त अडथळा जवळजवळ शून्य आहे. तरीही आदळणाऱ्या रेणूंपैकी दहा लाखांत एखादाच फुटतो! अडथळा नसताना वेग इतका कमी का? कारण रेणू आधी सैल बसतो, आणि त्या अवस्थेतून पुढे जाऊन फुटण्यापेक्षा परत वायूत उडून जाणं त्याला कितीतरी सोपं असतं. फुटण्यासाठी त्याला नेमक्या जागी, नेमक्या पद्धतीने आडवं व्हावं लागतं. म्हणजे वेग फक्त अडथळ्याच्या उंचीवर ठरत नाही, त्या वाटेच्या अरुंदपणावरही ठरतो, आणि फुटायला मोकळ्या जागा किती शिल्लक आहेत यावरही. पाठ्यपुस्तकातला दोन टेकड्यांचा आलेख हे दाखवू शकत नाही. पोटॅशचा उलगडाही इथेच होतो. पोटॅशियम लोखंडाला इलेक्ट्रॉन पुरवतो, त्यामुळे नायट्रोजनचा रेणू जास्त घट्ट धरला जातो आणि मंद प्रतलांवर फुटण्याचं प्रमाण शेकडो पटींनी वाढतं. शिवाय तयार झालेला अमोनिया पृष्ठभागावरून लवकर सुटतो, त्यामुळे जागा अडून राहत नाही. ॲल्युमिनाचं काम साधं, पण तितकंच आवश्यक आहे: लोखंडाचे सूक्ष्म कण तापून एकमेकांना चिकटून मोठे होऊ नयेत म्हणून तो त्यांना अलग ठेवतो.

कारखान्यात या ज्ञानाचा उपयोग काय, असं मला नेहमी विचारतात. रिडक्शनचं, म्हणजे उत्प्रेरकातला ऑक्सिजन काढून घेण्याचं, उदाहरण घ्या. कन्व्हर्टरमध्ये भरतात ते काळे, जड, चकाकणारे दाणे लोखंडाचे नसतात, मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचे असतात, आणि त्या अवस्थेत त्यांचं अंतर्गत क्षेत्रफळ जवळजवळ शून्य असतं. संश्लेषण वायू (नायट्रोजन आणि हायड्रोजनचं मिश्रण) फिरवत तापमान हळूहळू चढवतात, तसा ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने बाहेर पडतो. एक टन दाण्यांतून पाव टनापेक्षा जास्त पाणी निघतं. दाणा बाहेरून होता तेवढाच राहतो, आतून सच्छिद्र होतो, आणि ग्रॅममागे दहा-वीस चौरस मीटर क्षेत्रफळ जन्माला येतं. हे काम अनेक दिवस चालतं आणि त्यात घाई करायची नसते. वरच्या थरातून निघालेली वाफ खालच्या, आधीच रिड्यूस झालेल्या लोखंडावरून जाते. वाफ जास्त झाली तर तिथले कण पुन्हा ऑक्सिडाइज होतात, परत रिड्यूस होतात, आणि दर फेरीत मोठे होत जातात. मोठा कण म्हणजे गमावलेली सक्रिय स्थानं, आणि ती परत मिळत नाहीत. म्हणून पाळीवरचा माणूस तापमानाइतकंच लक्ष बाहेर येणाऱ्या वायूतल्या पाण्यावर ठेवतो. चांगल्या रीतीने रिड्यूस केलेला बेड (दाण्यांचा भरलेला थर) दहा-पंधरा वर्षं सहज चालतो. वायूत कार्बन मोनॉक्साइड अगदी दशलक्षात काही भाग इतका जरी उरला, तरी उत्पादन का घसरतं हेही मेकॅनिझमच सांगतो. नायट्रोजनला ज्या जागा लागतात, नेमक्या त्याच जागा कार्बन मोनॉक्साइडमधला ऑक्सिजन बळकावतो. तो पुरवठा थांबला की बेड बऱ्याच अंशी सावरतो. गंधकाचं तसं नाही, तो कायमचा बसतो.

आणि हो, निर्वात कक्षातलं ज्ञान शंभर-दोनशे वातावरण दाबाच्या कन्व्हर्टरला लागू पडतं का, ही शंका रास्त होती. १९८५ मध्ये स्टॉल्टझे आणि नोर्स्कोव यांनी एकेका स्फटिकावर मोजलेल्या पायऱ्यांचे आकडे घेऊन औद्योगिक उत्प्रेरकाच्या उत्पादनाचं गणित मांडलं. ते प्रत्यक्ष आकड्यांच्या आश्चर्यकारकरीत्या जवळ आलं.

मेकॅनिझम अभिक्रियेचा नसतो, त्या उत्प्रेरकावरच्या अभिक्रियेचा असतो. हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी उपटून बघा. तिथल्या जिवाणूंतलं नायट्रोजिनेज हे विकर साध्या तापमानाला, साध्या दाबाला अमोनिया बनवतं, आणि ते मघाशी लोखंडासाठी आपण बाद केलेल्या वाटेनेच जातं असं मानलं जातं: बंध आधी न तोडता, हायड्रोजन एकेक जोडत. रुथेनियमवर नायट्रोजन फुटतोच, पण तिथे हायड्रोजन पृष्ठभाग इतका व्यापतो की तोच आवर घालतो. म्हणून १९९२ मध्ये कॅनडात किटिमाटला रुथेनियमचा पहिला व्यापारी कन्व्हर्टर आला, तेव्हापासून अशा ठिकाणी हायड्रोजनचं प्रमाण तिनास एकपेक्षा कमी ठेवलं जातं. लोखंडाचा नियम तिथे लावला तर नुकसान.

आता एक इशारा, कारण आजकाल उपकरणं फार चांगली झाली आहेत. अभिक्रिया चालू असतानाच अवरक्त वर्णपट घेता येतो, एनएमआर घेता येतो, आणि पडद्यावर एखादा ठसठशीत मध्यस्थ (अभिक्रियेच्या मधल्या टप्प्यावर बनणारा पदार्थ) दिसला की लोक त्याला लगेच मेकॅनिझममध्ये बसवतात. मांडवात सगळ्यात जास्त दिसतात ते पाहुणे. स्वयंपाक करणारी माणसं मागे असतात आणि त्यांना बसायला वेळ नसतो. हॅल्पर्नने रोडियमच्या उत्प्रेरकावर हे खणखणीतपणे दाखवलं. असममित हायड्रोजनीकरणात, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांपैकी एकच जास्त बनवणाऱ्या हायड्रोजन-जोडणीत, रोडियमचे दोन संकुल बनतात. एक भरपूर, स्थिर, ज्याचा स्फटिकही मिळाला. दुसरा इतका कमी की मुश्किलीने सापडावा. सगळ्यांना वाटत होतं की मुख्य उत्पादन पहिल्यातून येतं. प्रत्यक्षात ते दुसऱ्यातून येत होतं, कारण तो हायड्रोजनशी शेकडो पट वेगाने अभिक्रिया करतो आणि म्हणूनच साठून राहत नाही. तेव्हा वर्णपटात काही दिसलं, तर पहिला प्रश्न हा विचारा: हे ज्या वेगाने नाहीसं होतं, तो वेग उत्पादनाच्या वेगाशी जुळतो का? स्थिर अवस्था न मोडता साध्या वायूच्या जागी समस्थानिक सोडायचा आणि कोणता संकेत किती वेळात बदलतो ते बघायचं, ही यासाठी मला सगळ्यात प्रामाणिक वाटणारी पद्धत आहे.

तुम्ही स्वतः प्रयोगाला बसणार असाल, तर याही आधीची एक तपासणी आहे आणि ती वगळून केलेले प्रबंध मी बरेच पाहिले आहेत. आपण मोजतोय तो वेग अभिक्रियेचा आहे की छिद्रांतून वायू आत-बाहेर जाण्याचा? दाणे कुटून निम्म्या आकाराचे करा, बाकी सगळं तसंच ठेवा. ग्रॅममागचा वेग वाढला, तर छिद्रांतला प्रवासच आड येत होता. अशा स्थितीत मोजलेली सक्रियण ऊर्जा खऱ्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास येते, आणि त्या आकड्यावर कितीही सुंदर मेकॅनिझम उभारला तरी तो छिद्रांचा असतो. अमोनियाच्या कन्व्हर्टरमध्ये हीच गोष्ट पैशात मोजली जाते. मोठ्या दाण्याच्या आतल्या भागात अमोनिया साचतो आणि तिथलं लोखंड जवळपास निकामी राहतं. दीड ते तीन मिलिमीटरचा दाणा घेतला तर काम चांगलं होतं, पण उभ्या बेडमधून वायू ढकलताना दाब फार पडतो. त्यामुळेच वायू वरून खाली नेण्याऐवजी आडवा, बाजूने आत नेणारे कन्व्हर्टर बनवले गेले. तिथे वायूला पातळ थरातून जावं लागतं आणि बारीक दाणा परवडतो.